पीट फ्रेंच राउंड बार्न बघायला जाताना

पूर्व ऑरेगनच्या हार्नी काउंटीतली ही गोल पागा बघायला तिकीट नाही की पहारेकरी नाही. दिवसाउजेडी केव्हाही जा. तयारी लागते ती रस्त्याची.

मुक्काम बर्न्सला करा. बेंडहून हायवे २० ने ते सुमारे १३० मैल, पलीकडे ऑन्टॅरिओहूनही साधारण तेवढंच. आयडाहोतल्या बॉइझीकडून येणाऱ्यांचा टाइम झोन बदलतो, म्हणून घड्याळ वाटेत तासभर मागे जातं. बर्न्समध्ये टाकी अर्धी भरलेली असली तरी फुल करा, माणशी ४ लिटर पाणी आणि जेवणाचा डबा घ्या. पुढे फोनची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. स्टेपनीही बघून घ्या. हल्ली भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत तिच्याऐवजी नुसता पंप असतो, आणि टायर कडेने फाटला तर पंपाचा उपयोग शून्य.

बर्न्सहून हायवे ७८ ने आग्नेयेला जाऊन उजवीकडे लाव्हा बेड रोडला वळा. नकाशावर नुसतं ‘डायमंड’ टाकलं की फसगत ठरलेली, कारण ते गाव पागेच्या बरंच दक्षिणेला आहे. खडीवर वेग ताशी २५-३० मैल ठेवा. समोरून गाडी आली तर आणखी कमी करा, नाहीतर काचेवर दगड बसतो. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या फाट्यांवर गाडी घालूच नका. इथली चिकणमाती टायरच्या खाचा बुजवते, मग चारही चाकांना ताकद असून गाडी घसरते. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. वसंतात डासांचा मलम विसरू नका.

आता पागा. गुरांचा बडा मालक पीट फ्रेंच याने ती १८८० च्या सुमारास बांधली, हिवाळ्यात घोडे फिरवून कामाला तयार करण्यासाठी. बाहेरचा व्यास १०० फूट, आत लाव्हाच्या दगडांची ६० फूट व्यासाची गोल भिंत आणि दोहोंच्या मध्ये २० फूट रुंद वाट. बाहेर बर्फ असताना घोडे या वाटेवर गोल गोल फिरत. आधी ही वाट पूर्ण फेरी मारून चाला, मगच दगडी वर्तुळात शिरा. सरळ मध्यभागी गेलात तर इमारतीचं काम कसं चालायचं ते कळत नाही. मधला ज्युनिपरचा खांब सुमारे ३५ फुटी, आणि छताचे वासे त्याच्याभोवती छत्रीच्या काड्यांसारखे पसरलेले. ज्युनिपर निवडण्यात शहाणपण होतं: ते लाकूड सहजी कुजत नाही. खांब सरळ तासलेले नाहीत, झाडाचा पीळ तसाच दिसतो. हात लावून बघा, पण चढू नका.

आत अंधार असतो. फोनचा वाइड लेन्स वापरा, एक्स्पोजर उजेडाच्या फटीवर धरा, नाहीतर फट पांढरीफट्ट येते. वर घुबडं-पाकोळ्या घरटी करतात; खाली विष्ठा पडते, म्हणून टोपी घाला आणि पिल्लांच्या दिवसांत फ्लॅश टाळा. सिगारेट, शेगडी आवाराबाहेरच; सगळं सुकं लाकूड आहे.

तासभर पुरतो. जवळच्या व्हिजिटर सेंटरवर फ्रेंचच्या काळची माहिती मिळते, पण ते उघडं असेलच असं धरून चालू नका. वेळ असेल तर परतताना डायमंड क्रेटर्स या ज्वालामुखीच्या भागातून फ्रेंचग्लेन गावाला जा. तिथे त्याच्याच पी रँचचा लांबट गोठा आहे. सूर्यास्ताआधी बर्न्स गाठा, कारण या भागात बऱ्याच रस्त्यांना कुंपण नाही आणि तिन्हीसांजेला गुरं, हरणं थेट डांबरावर येतात.