संचालकांनी अधिकार ओलांडल्याची शंका आल्यास भागधारकाने काय करावे
सांगलीत हळद साठवणाऱ्या कंपनीचे तुम्ही भागधारक असाल आणि संचालकांनी परस्पर गोदाम विकल्याचे कळले, तर प्रथम कंपनीकडे शुल्क भरून मेमोरँडम (कंपनीची उद्दिष्टे सांगणारा दस्तऐवज) व आर्टिकल्स (अंतर्गत कारभाराची नियमावली) यांची प्रत मागावी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 17 नुसार ती 7 दिवसांत द्यावी लागते. मेमोरँडममधील उद्दिष्टांबाहेरचा व्यवहार सर्व भागधारकांच्या संमतीनेही वैध ठरत नाही. मात्र तो उद्दिष्टांत बसणारा, केवळ संचालकांच्या अधिकारापलीकडचा असेल, तर भागधारकांची सभा त्याला नंतर मान्यता देऊ शकते, म्हणून हा भेद आधी तपासावा. गोदाम हाच कंपनीचा मुख्य उपक्रम असेल, तर पब्लिक कंपनीत कलम 180 प्रमाणे विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते, आवश्यक असतात. प्रायव्हेट कंपन्यांना बहुधा सूट असते. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त सभासदाला पाहता येते, संचालक मंडळाचे मात्र नाही, आणि खरी अडचण बहुतेकदा इथेच येते. कारभार अन्यायकारक असल्यास कलम 241 खालील अर्ज जिल्हा न्यायालयात नव्हे, तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे करावा; त्यासाठी साधारणपणे 100 सभासद, किंवा एकूण सभासदांचा अथवा भागभांडवलाचा दहावा हिस्सा पाठीशी लागतो.