वाफ्याची परिमिती आणि तत्त्वज्ञानाचा पेपर

डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेला असताना शैक्षणिक तत्त्वज्ञानाचा पेपर मी तक्त्यांवर काढला. निसर्गवाद, आदर्शवाद, कार्यवाद असे रकाने आणि प्रत्येकाखाली ध्येय, अभ्यासक्रम, शिस्त, शिक्षकाची भूमिका. मार्कही बरे पडले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग हाती आला आणि त्या तक्त्यातलं एकही वाक्य कुठे वापरायचं ते मला सुचेना.

आज हाच पेपर देणाऱ्या तुम्हा मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. दोन विचारांची तुलना करायची असेल तर वर्गातला एकच पाठ धरा आणि तो आळीपाळीने दोघांच्या नजरेतून बघा. मला हे परिमितीच्या पाठाने शिकवलं.

‘सर्व बाजूंची बेरीज म्हणजे परिमिती’ हे मुलांना तोंडपाठ होतं. पण आयताच्या दोनच बाजू दिल्या की ती दोन्ही आकडे मिळवून मोकळी व्हायची. शाळेत पोषण आहारासाठी परसबाग करायचीच होती. म्हणून प्रत्येक गटाला १२ मीटर सुतळी आणि चार खुंट्या दिल्या आणि सांगितलं, सुतळी पूर्ण वापरून वाफा आखा. मूल करून शिकतं, अडचण समोर आली की विचार सुरू होतो, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईचं म्हणणं माझ्या डोक्यात होतं. १८९६ साली शिकागोला त्याने प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली, तिथे मुलं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करत आणि त्यातून विज्ञान-इतिहासाकडे जात. मी ठरवलं, आपण मध्ये बोलायचं नाही.

तिथे मी चुकले. दोन हुशार पोरांनी खुंट्या ठोकल्या, बाकीची सुतळीला झोके देत बसली. अर्धा तास गेला. ‘मुलांना शोधू द्या’ याचा अर्थ मी ‘शिक्षकाने गप्प राहा’ असा लावला होता. ड्यूईने तसं कुठेही म्हटलेलं नाही, उलट अनुभवाची निवड आणि मांडणी ही शिक्षकाचीच जबाबदारी असं तो बजावतो. शेवटी दोन वाफ्यांच्या मध्ये उभी राहून मी एकच प्रश्न टाकला : वांग्याचं एक रोप एक मीटर चौकोनात लावायचं, तर कुणाच्या वाफ्यात जास्त रोपं मावतील? एका गटाचा वाफा ५ बाय १ चा होता, दुसऱ्याचा ३ बाय ३ चा. पोरांनी काठीने जमिनीवर चौकोन आखून मोजले. एकात ५, दुसऱ्यात ९. चौथीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “पन सुतळी तर सारखीच हाय!” रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्कीचं म्हणणं मला त्या दिवशी कळलं : मुलाला एकट्याने जे जमत नाही पण कुणाच्या आधाराने जमतं, शिकवायची जागा तिथे असते. आधार किती द्यायचा, हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

इथवर सगळं छान चाललं होतं. आठवड्याने त्याच मुलीची आई शाळेत आली. शेतमजुरी करते. म्हणाली, “मॅडम, आमी जन्मभर मातीच उकरली. पोरगी बी शाळेत येऊन तेच करनार काय?”

मला उत्तर देता आलं नाही. मी मनातून ही बाग गांधीजींच्या नई तालीमच्या खात्यावर मांडली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. पण त्या बाईंचा प्रश्न मला जोतीराव फुल्यांकडे घेऊन गेला. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी लिहिलं की सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. तिथेच त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही दिलंय : मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेती आहे, पण हिशेबाच्या आणि अक्षराच्या सोबतीने.

तक्त्यात हे दोघे ‘श्रमप्रतिष्ठा’ आणि ‘बहुजन शिक्षण’ अशा वेगवेगळ्या रकान्यांत सुखाने बसतात. वर्गात त्यांची गाठ पडते. ज्या घरात श्रम निवडीने आलेत तिथे बागकाम शिक्षण वाटतं. ज्या घरात ते जन्माने लादलेत तिथे तेच बागकाम दारं बंद झाल्यासारखं वाटू शकतं. गांधीजींच्या योजनेतही काम हे गणित, भाषा, विज्ञान शिकवण्याचं माध्यम होतं. माझ्या बागेत परिमितीचा एक तास सोडला तर नंतर नुसतं पाणी घालणंच उरलं होतं. म्हणजे आईचं खरं होतं.

त्यानंतर बागेची वही सुरू केली. रोपांची उंची, पाण्याच्या बादल्या, निघालेली वांगी, बाजारभावाने त्यांची किंमत. महिन्याला एक आलेख. पालक सभेत वही मुलांनीच वाचून दाखवायची.

लहान मुलांच्या शिक्षणाची पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या मारिया माँटेसरीबद्दल थोडक्यात. तिचं साहित्य महाग म्हणून घाबरू नका. ताराबाई मोडकांनी ती पद्धत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर आत्मसात केली आणि पुढे बोर्डी, कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करताना आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, इतका तो विचार इथल्या मातीत बदलला. मला तर ताराबाईंचं काम मूळ पद्धतीपेक्षाही मोठं वाटतं.

सराव पाठाचं टाचण लिहाल तेव्हा ‘अध्यापन पद्धती’च्या रकान्यात ‘ज्ञानरचनावादी’ (म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं असं मानणारी) एवढाच शब्द टाकून पुढे जाऊ नका. त्याखाली दोन ओळी लिहा : या पाठात मी कुठे गप्प राहणार आणि कुठे बोलणार. पाठ झाल्यावर तिसरी ओळ लिहा, प्रत्यक्षात काय झालं याची. माझ्या जुन्या टाचणांत ती तिसरी ओळ नाही, याची मला आज चुटपूट लागते.