आधी विकणारा कोण ते विचारा, मग फिल्टर लावा

जळगाव-धुळ्याकडे बी.कॉम.च्या वर्गावर नव्याने शिकवायला जाल तेव्हा दिसेल, की पोरांना टॅली येतं, एक्सेलमधलं पिव्होट टेबल येतं, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं पाठ असतात. फाइल उघडली की मात्र प्रश्न एकच, "सर, याचं काय करायचं?"

मी आधी एक्सेल उघडूच देत नाही. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, कापूस खरेदीचा कागद वाटतो. त्यावर तारीख, विकणारा, गाव, वजन, भाव, रोख की बँक एवढेच रकाने. पहिले प्रश्न ठरलेले असतात. एकूण खरेदी किती? महिनावार आलेख काढू? उत्तर मिळाल्यावर शेठ उद्या काय वेगळं करतील, असं विचारलं की वर्ग गप्प.

मग कुणीतरी म्हणते, "दहा हजारांवरच्या रोख पावत्या काढू." नियम बरोबर आहे. एका व्यक्तीला एका दिवसात त्याहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च सहसा धरत नाहीत. पण शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला असेल तर त्याला सूट आहे, मधल्या व्यापाऱ्याकडून घेतला तर नाही. म्हणजे रकमेआधी विचारायचं, विकणारा शेतकरी आहे का? जीएसटीही इथेच अडकलाय. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, कर जिनिंगवाल्याने भरायचा असतो.

आणि विकणारा शेतकरी की व्यापारी, नेमका हाच रकाना कागदावर नाही! इथून वर्ग रंगतो. एकाच नावावर हंगामात किती क्विंटल? एकाच माणसाचा माल चार गावांचा कसा? मे महिन्यातही कापूस विकतोय म्हणजे व्यापारीच, असं कुणी ठोकून देतं. लगेच मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, आमच्या घरात भावाची वाट बघत अजून कापूस पडलाय." असा पोरगा वर्गात हवाच, पुस्तकातली फाइल दिली तर तो तोंड उघडत नाही.

रुईच्या उताऱ्यावरही, म्हणजे कापसातून किती रुई निघाली यावरही, चांगले प्रश्न निघतात, पण ते दुसऱ्या तासाला ठेवा.

कागद तयार करताना नावं काढून क्रमांक घाला. फक्त एका माणसाला सगळीकडे एकच क्रमांक द्या, नाहीतर एकाच नावावर किती माल आला हे पोरांना शोधताच येणार नाही.