व्हीलचेअर घेऊन लांबच्या ट्रेनने जायचंय? आधी उतरायचं बघा

सगळे तिकिटापासून सुरुवात करतात, मी म्हणेन उतरायच्या स्टेशनपासून करा. मोठ्या जंक्शनला लिफ्ट असते, हमाल असतात, पण छोट्या स्टेशनला गाडी दोन मिनिटं थांबणार आणि पलीकडच्या प्लॅटफॉर्मला लागली की मधे नुसता जिना. त्यामुळे तिथे कोणी ओळखीचं असेल तर आधी चक्कर मारायला सांगा, लिफ्ट चालू आहे का, नसेल तर स्टेशन मास्तर ट्रॉलीच्या वाटेने (सामानाच्या हातगाड्या रुळांवरून पलीकडे नेतात ती वाट) रूळ ओलांडून द्यायला माणूस देतील का (एकट्याने त्या वाटेने अजिबात जायचं नाही). जमत नसेल तर सरळ पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरा आणि तिथून गाडी करा, पैसे जातात पण जीव टांगणीला लागत नाही.

सवलतीसाठी सरकारी डॉक्टरचं रेल्वेच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावर रेल्वेचं दिव्यांग कार्ड काढून ठेवलं की ऑनलाइन दिव्यांग कोटा वापरता येतो. सोबतीशिवाय प्रवास शक्य नाही अशांना स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सूट आहे, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. राजधानी-शताब्दीला थ्री एसी आणि चेअर कारमधे मात्र २५च.

आता डबा. साध्या स्लीपरचं दार अरुंद, आतली बोळ त्याहून अरुंद, खुर्ची बर्थपर्यंत जातच नाही. गार्डच्या डब्याला जोडून दिव्यांगांचा भाग असतो त्याचं दार आणि टॉयलेट रुंद असतं, थ्री एसी इकॉनॉमीतही एक रुंद दार आणि तसं टॉयलेट दिलंय. रात्रभराचा प्रवास असेल तर टॉयलेट बघूनच डबा ठरवा, कारण टॉयलेटला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिता बसणारे खूप जण आहेत आणि हे फार वाईट आहे. निघायच्या आधी खुर्चीची रुंदी मोजून ठेवा, सीटची नाही, बाहेरच्या रिमपासून रिमपर्यंत.

चढवताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मदतीला येणारे लोक घाईघाईत हँडरेस्ट नाहीतर फूटरेस्ट धरून उचलतात, आणि ते निघणारे असले की हातात येतात, बसलेला माणूस खाली. म्हणून फूटरेस्ट आधीच काढून पिशवीत टाका आणि सगळ्यांना मोठ्याने सांगा, फक्त मेन फ्रेम धरायची, एक मागे, एक पुढे, आणि "उचला" फक्त बसलेल्यानेच म्हणायचं. रॅम्प असेल तर उतरताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडे. हमालाचे पैसे आधी ठरवा आणि गाडी यायच्या आधीच डब्याच्या जागी जाऊन थांबा.

लिफ्ट बंद दिसली, टॉयलेटला कुलूप दिसलं तर तिथल्या तिथे १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा रेल मदद या रेल्वेच्या तक्रारीच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाका, पीएनआर लिहा, तक्रारीचा नंबर जपून ठेवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्टेशनवरचं पार्किंग, टॉयलेट आणि तिकीट खिडकी वापरता येईल अशी असावी हे स्पष्ट लिहिलंय, म्हणजे तुम्ही कोणाकडे मेहरबानी मागत नाही आहात.