मराठी सबटायटल्स वाचता येत नाहीत? फॉन्ट आणि रंगाच्या या चुका टाळा

सबटायटल्स कशी असावीत याबद्दलचे नेटवर सापडणारे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. ठळक फॉन्ट घ्या, काळी कड द्या, अक्षरं थोडी सुटी करा. इंग्रजीत हे खपून जातं. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार बसतात, पायाशी उकार आणि ऋकार लोंबतात, आणि शिरोरेघ सगळ्यांना बांधून ठेवते. त्यामुळे तोच सल्ला उलटा पडतो.

जाडच्या जाड फॉन्ट

लांबून दिसावं म्हणून सगळ्यात जाड वजन (म्हणजे फॉन्टमधल्या रेषांची जाडी) निवडणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. जाड वजनात 'ध', 'भ', 'थ' यांच्या आतली पोकळी बुजते. 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक तर काळोख्या चित्रगृहातही कळत नाही, मग मोबाइलचं सोडाच. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घेतलात तर मीडियम किंवा सेमीबोल्डवर थांबा. 'मुक्त' हा मुंबईच्या एक टाइपचा मोफत फॉन्ट. त्यात एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजनं आहेत, म्हणजे मधलं काही निवडायला भरपूर वाव आहे. बलू किंवा यात्रा वन पोस्टरवर छान दिसतात. दीड तास वाचायला ते नकोत.

फॉन्ट पारखताना 'नमस्कार' टाइप करून बघू नका, तो कुठल्याही फॉन्टात बरा दिसतो. 'दुसऱ्यांच्या', 'कर्तृत्व', 'उद्ध्वस्त', 'ऱ्हस्व', 'हृदयी' हे शब्द घाला. 'ऱ्या' नीट जुळत नसेल तर तो फॉन्ट मराठीला निरुपयोगी. शिवाय ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, तेही बघा. वाचायला अडत नाही, पण मराठी डोळ्याला खुपतं.

आकाराचा आकडा इंग्रजी ट्युटोरियलमधून उचलू नका. वर-खाली चिन्हांना जागा द्यायची असल्याने देवनागरीचं मधलं अंग त्याच आकड्यात अनेकदा लहान पडतं, आणि किती लहान ते प्रत्येक फॉन्टात वेगळं. इंग्रजीपेक्षा दोन पायऱ्या वरून सुरुवात करा.

कडेने कापलेली शिरोरेघ

हा दोष इतका सर्रास दिसतो की काहींना ती शैली वाटत असावी. शब्दाला काळी कड दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेघेत बारीक उभी काळी चीर दिसू लागते. सॉफ्टवेअर कड शब्दाला न देता एकेका अक्षराला देतं, आणि पुढच्या अक्षराची कड आधीच्या अक्षराच्या रेघेवर चढते. उपाय सोपा आहे. त्याच मजकुराच्या दोन प्रती करा: खालच्या प्रतीला कड, वरच्या प्रतीला फक्त रंग, कड नाही. कड मध्यावर नव्हे, बाहेरच्या बाजूला ठेवा. मध्यावरची कड अक्षर खाते. १०८०च्या चौकटीत दोन-तीन पिक्सेल पुरतात.

अर्धपारदर्शक अक्षरांचीही हीच गत. अक्षरं जिथे एकमेकांवर येतात तिथे ठिपके पडतात. अक्षरं पूर्ण अपारदर्शक ठेवून अख्ख्या लेयरची पारदर्शकता बदला. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द फणीच्या मोडक्या दातांसारखा दिसतो.

फोनवरचा आवाज किंवा मनातला विचार दाखवायला इटॅलिक वापरतात, तेही टाळा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत खरं इटॅलिक नसतं. सॉफ्टवेअर सरळ अक्षर वाकवून देतं. अवतरणचिन्हांनी भागतं.

रंग

लाल आणि निळा विसरून जा, आणि हे केवळ आवडीनिवडीचं नाही. एचडी व्हिडिओच्या हिशेबात उजेडाचा सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा. शुद्ध निळं अक्षर म्हणूनच जवळपास काळं असतं. वर, बहुतेक व्हिडिओ ४:२:० पद्धतीने साठवले जातात: १९२० × १०८० च्या चित्रात रंगाची माहिती फक्त ९६० × ५४० एवढीच असते. उजेडातला फरक रेखीव राहतो, रंगातला फरक पसरतो. लाल अनुस्वार त्यात आधी विरघळतो.

पांढरा किंवा पिवळा, दोन्ही चालतात. पिवळ्यात लाल आणि हिरवा एकत्र येतात, म्हणून त्याचा उजेड पांढऱ्याच्या ९३ टक्के भरतो. पण भडक लिंबू पिवळा रात्रीच्या प्रसंगात चित्रावर मात करतो; थोडा मळका घ्या. पांढराही पूर्ण २५५ (म्हणजे सर्वांत उजळ) नको, २३०च्या आसपास डोळ्याला बरा. माझा कल पांढऱ्याकडे आहे. कृष्णधवल चित्रपटाला मात्र पिवळाच लावावा.

कोकणातलं दुपारचं आकाश, पांढरा सदरा, चुन्याची भिंत: परीक्षा इथे होते. रंग बदलून हा प्रश्न सुटत नाही, कड आणि सावलीनेच सुटतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मागे मऊ काळी पट्टी द्या, पण ती उकारांच्या खालीपर्यंत पोचू द्या. घट्ट पट्टीत 'तू'चा पाय बाहेर राहतो.

दर पात्राला वेगळा रंग देण्याचा मोह काहींना होतो. बीबीसी पांढरा, पिवळा, निळसर हिरवा आणि हिरवा वापरते, पण काळ्या पार्श्वभूमीवर आणि ऐकू न येणाऱ्यांना कोण बोलतंय हे कळावं म्हणून. तुमचा उद्देश तो नसेल तर एकच रंग ठेवा.

ओळी

दोन ओळींत अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. फॉन्टच्या आकाराच्या १.३ ते १.४ पट अंतर धरा. इंग्रजीसाठी नेटफ्लिक्सने घातलेली ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा जशीच्या तशी लावू नका. सॉफ्टवेअर मात्रा आणि हलन्तही मोजतं. 'वैशिष्ट्ये' त्याच्या लेखी १० अक्षरं, वाचणाऱ्याच्या लेखी तीन. ओळ फोडताना आकड्याकडे नको, वाक्यातल्या विसाव्याकडे बघा.

अक्षरंच मोडली तर

वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षराऐवजी हलन्त दिसतो? फॉन्ट बदलत बसू नका, दोष बहुधा टेक्स्ट इंजिनचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या अक्षरं जुळवणाऱ्या भागाचा आहे. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये, ग्राफिक्सखाली 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडावा लागतो.

फॉन्ट बदलताच सगळा मजकूर इंग्रजी कचरा होतो? तो श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीत टाइप झालाय. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीत बदलून घ्या. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आहे. ती अक्षरं परत येत नाहीत, मूळ प्रत काढून यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

तुम्ही निवडलेला फॉन्ट प्रेक्षकाला दिसतच नाही? साध्या एसआरटी फाइलमध्ये फक्त मजकूर आणि वेळ असते, तिच्याबरोबर फॉन्ट जात नाही. यूट्यूब, टीव्ही, व्हीएलसी आपापला वापरतात. फॉन्ट तोच हवा असेल तर सबटायटल्स चित्रातच छापा, नाहीतर एएसएस फाइल (फॉन्ट-रंगाची माहिती ठेवणारी सबटायटल फाइल) आणि फॉन्ट दोन्ही एमकेव्ही या व्हिडिओ फाइलमध्ये जोडा. चित्रगृहासाठी डीसीपी (चित्रगृहात दाखवायची डिजिटल प्रत) करताना तर जास्तच जपा. तिथली यंत्रणा एक्सएमएल या सबटायटल फाइलमधला मजकूर स्वतः रंगवते आणि जोडाक्षरं जुळवेलच याची खात्री नसते. प्रत्येक ओळीचं पीएनजी चित्र करून द्या, किंवा मराठी सबटायटल्स थेट चित्रातच छापलेली वेगळी प्रत काढा.