जमिनीखाली दिशा उतरवताना

भाचा एका खाणीत सर्व्हेअर म्हणून नुकताच लागलाय. मे महिन्यात खानापूरला आला तेव्हा म्हणाला, "मामा, आता टोटल स्टेशन आहे की, बोगदे चुकतात कुठले!" टोटल स्टेशन म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र. मी त्याला परड्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर नेलं.

जमिनीखाली जीपीएस चालत नाही. वरची दिशा शाफ्टमधून, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरातून, खाली न्यावी लागते, आणि जायरो (उत्तर दिशा स्वतः शोधणारं यंत्र) नसेल तर ती दोन तारांच्या भरवशावर. विहिरीवर वासे टाकले, 2 मीटर अंतरानं दोन बारीक तारा सोडल्या, ओळंबे पाण्यात बुडवले. पाण्यानं डोलणं आवरतं. शाफ्टमध्ये तेलाची बादली ठेवा. तारांमधलं अंतर वर मोजलं, खाली मोजलं. मिलिमीटरला जुळलं. पोरगं खूश.

मग मी वहीचा कपटा तारेत अडकवून वरून सोडला. पहिल्या तारेवरून सुळकन पाण्यापर्यंत गेला. दुसरीवर निम्म्यात अडला. पिंपळाच्या मुळीला तार टेकली होती! तार आडवी सरकली तर अंतर जुळलेलंच दिसतं, दिशा मात्र फिरते. 2 मीटरच्या पायावर 1 मिलिमीटर म्हणजे 400 मीटर पुढं 20 सेंटीमीटर. कपटा सोडल्याशिवाय एकही वाचन घेऊ नका.

पुढं ट्रॅव्हर्स, म्हणजे बोगद्यातून टप्प्याटप्प्यानं कोन आणि लांबी मोजत जाणं. तिथं लांबीपेक्षा कोन जास्त दगा देतो. 20 मीटरच्या टप्प्यावर ओळंबा 1 मिलिमीटर हलला की कोन 10 सेकंदांनी चुकला. म्हणून टप्पे लांब घ्या, तीन ट्रायपॉड ठेवा आणि त्यांचे पाय न हलवता वरचं यंत्र नि टार्गेट तेवढं बदला. कोन दोन्ही फेसवर वाचा, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटवून. भिंतीला घासून नजर टाकू नका, तिथल्या गरम-गार हवेनं रेघ वाकते.

मी एकदा वळणावर 6 मीटरचा टप्पा घेतला. पंख्याच्या वाऱ्यात दोरा हलत होता, पण जेवणाची सुट्टी झालेली. 400 मीटरनंतर दोन्हीकडून खणत आणलेली बोगद्याची तोंडं 40 सेंटीमीटरनं हुकली. भिंत तासली, रूळ वाकवले. स्वित्झर्लंडचा 57 किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा 2010 साली आरपार झाला तेव्हा आडवी चूक होती 8 सेंटीमीटर!

नकाशावरची अंतरं समुद्रसपाटीवर आणलेली असतील तर तेही बघा. बेळगावच्या साधारण 750 मीटर उंचीवर किलोमीटरमागं 12 सेंटीमीटरचा फरक पडतो.

तोंडं जवळ आली की दोन्हीकडून ट्रॅव्हर्स नव्यानं करा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. मग एकच बाजू खणा, आणि सुरुंगाआधी पलीकडची माणसं बाहेर आली का ते स्वतः मोजा.