बॅक्युलाला टेप लायब्ररी जोडताना

टेप आपोआप बदलणारी लायब्ररी बाहेरून एकच पेटी दिसत असली, तरी लिनक्सच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र उपकरणे असतात: कप्प्यांतून टेप उचलणारा रोबॉट आणि टेपवर लिहिणारा ड्राइव्ह. जोडणीतल्या बऱ्याच अडचणी या दोहोंची गल्लत झाल्यानेच उद्भवतात. म्हणून बॅक्युला या बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशन फाइलला हात लावण्यापूर्वी रोबॉट स्वतः आज्ञा देऊन चालवून पाहावा.

त्यासाठी ‘एमटीएक्स’ हे रोबॉटला आज्ञा देणारे साधन पुरेसे आहे. त्याच्या ‘स्टेटस’ आज्ञेने कप्पे आणि त्यांतील टेपचे बारकोड दिसले, की पहिल्या कप्प्यातील टेप ड्राइव्हमध्ये चढवून परत उतरवावी. येथे कप्पे १ पासून मोजतात, ड्राइव्ह मात्र ० पासून. उपकरणांचे क्रमांक यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, त्यामुळे फाइलमध्ये ‘बाय-आयडी’ या फोल्डरखालची कायम राहणारी नावेच लिहावीत.

लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला ‘एसटी’ आणि ‘एनएसटी’ अशी दोन उपकरण-नावे असतात; त्यांपैकी ‘एसटी’ नव्हे, ‘एनएसटी’ हे नाव द्यावे. ‘एसटी’ उपकरण बंद होताच टेप गुंडाळून सुरुवातीला नेते आणि कालच्या बॅकअपवर आजचा लिहिला जाण्याची वाट मोकळी होते. ड्राइव्ह दोन असतील, तर फाइलमधील ‘ड्राइव्ह इंडेक्स’ (ड्राइव्हचा क्रमांक) रोबॉटच्या क्रमाशी जुळतो का, हेही पाहावे. मी एकदा हा क्रम उलटा लिहिला होता: रोबॉट एका ड्राइव्हमध्ये टेप ठेवी, बॅक्युला दुसऱ्याशी वाट पाहत बसे, आणि मी संध्याकाळभर केबली तपासत होतो.

यानंतर कोरी टेप घालून ‘बीटेप’ या बॅक्युलाच्या चाचणी-साधनाने चाचणी घ्यावी, चाचणी टेपवर लिहिते, म्हणून कोरीच हवी. टेप उतरताना अडत असेल, तर ‘एमटीएक्स-चेंजर’ या, बॅक्युलाच्या वतीने रोबॉट चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘ऑफलाइन’ची किंमत १ करावी.

टेप खरेदी करताना पिढी तपासावी, कारण एलटीओ या प्रचलित टेप-प्रकाराच्या आठव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-८ ड्राइव्ह सातव्या पिढीची टेप वाचतो व लिहितो, सहावीची वाचतही नाही. बारकोड चिकटवून झाल्यावर बॅक्युलाच्या ‘लेबल बारकोड्स’ आज्ञेने सगळ्या टेपना एकदम नावे देता येतात. साफसफाईच्या टेपचा बारकोड ‘सीएलएन’ने सुरू होत असल्यास आणि टेपच्या गटाच्या (‘पूल’) व्याख्येत ‘क्लीनिंग प्रीफिक्स’ म्हणून तेच दिले असल्यास बॅक्युला तिला वगळतो. पुढे कोणीही हाताने टेप काढली वा घातली, तर त्याच वेळी ‘अपडेट स्लॉट्स’ ही आज्ञा द्यावी, अन्यथा कॅटलॉग (बॅक्युलाची नोंदवही) जुन्याच कप्प्यांवर विसंबून राहतो आणि रात्रीचे काम नको त्या टेपपाशी अडते.